ऐंशीच्या पुढचे आकडे

बाबांचा उजवा हात कापतो, हे घरात सगळ्यांत आधी मायला कळलं. ताटात वरण वाढून घेताना त्यांच्या हातातली पळी वाटीच्या काठावर टकटक वाजायची. मायने काही न बोलता त्यांना वाढून द्यायला सुरुवात केली, आणि मग मलाही ते कळलं. बाबा खामगावच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. खडू हातात घेऊन एका दमात फळ्यावर पूर्ण वर्तुळ काढायचे आणि मधोमध ठिपका द्यायचे. मुलं दोरी लावून मोजायची, वर्तुळ कुठेही चुकलेलं नसायचं. त्या माणसाला आता आपलं नाव लिहायला दोन्ही हात लागत होते. शाळेत ते हुशार मुलांना फळ्यापाशी बोलवत, आकृती त्यांच्याकडून काढून घेत आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभे राहत. हेडमास्तरांना ती शिकवण्याची नवी रीत वाटली. बाहेरून घरी येणारी कामं, म्हणजे शेताचे नकाशे, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या इमारतींचे आराखडे, ती सगळी मी करत होते. खाली कोपऱ्यात नाव बाबांचं असे. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते, आणि रेघेचं मला लहानपणापासून वेड होतं.

आमचं घर कापसाच्या बाजारामागच्या गल्लीत होतं. हिवाळ्यात जिनिंगचा आवाज इतका चाले की घरात मोठ्यानेच बोलायची सवय लागली होती. उन्हाळ्यात जिनिंग थांबत, गल्ली एकदम मुकी होई, आणि तेलाच्या गिरणीचा कडवट वास तेवढा येत राही. त्या दिवसांत माय कुरडयांचा गहू भिजत घाली आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या घराला त्याचा आंबूस वास येई. दुपारी भाकर, चून म्हणजे आमचं पिठलं, आणि कच्चा कांदा खाऊन गल्ली झोपली की मी दार लावून कामाला बसत असे. बाबा शेजारी बसत. ते नजरेनेच काम करत. "थांब. रेघ जाड होऊन राह्यली. टाकाचं टोक पूस." इतकंच बोलत. त्यांची नजर मात्र शेवटपर्यंत कापली नाही.

दुसरी मोठी लढाई चालू होती. गावाबाहेर जलंबच्या रस्त्याला एक बंद पडलेली जिनिंग सरकारने भाड्याने घेतली आणि तिथे विमानांच्या कामासाठी मिस्त्री तयार करण्याचं केंद्र उघडलं. तिथे लोखंडी चौकटीच्या घोड्यावर बसवलेलं एक विमानाचं इंजिन होतं. ते सुरू केलं की आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येई. केंद्रातले मुख्य मिस्त्री कासमभाई बाबांचे जुने विद्यार्थी होते. शाळा सोडून ते जिनिंगच्या इंजिनावर लागले आणि हाताच्या हुशारीवर तिथपर्यंत पोचले. चाळिशीचे, दाढी नीट कातरलेली, आणि बाबांसमोर अजूनही खाली मान घालून बोलणारे. त्यांनीच ते काम आमच्याकडे आणलं.

काम होतं एका तक्त्याची मोठी नक्कल करायचं. विमानाच्या इंजिनची ताकद किती, हे काढायला लांबलचक गणित करावं लागतं. ते टाळायला कोणा हुशार माणसाने कागदावर तीन उभ्या रेघा काढून त्यांवर आकडे मांडले होते. डावीकडच्या रेघेवर इंजिनचे मिनिटाचे फेरे. उजवीकडच्या रेघेवर हवा. म्हणजे जागा किती उंच आणि दिवस किती तापलेला, यावरून काढलेला आकडा. हवा तापली की पातळ होते आणि इंजिनाला कमी पडते, हे मला त्या कागदानेच शिकवलं. डावीकडचा आकडा आणि उजवीकडचा आकडा, दोन्हींवर पट्टी ठेवायची. पट्टी मधल्या रेघेला जिथे छेदेल तिथे ताकद, अश्वशक्तीत. ना गुणाकार, ना भागाकार. पहिल्यांदा पट्टी लावून उत्तर वाचलं तेव्हा मला हसूच आलं. आजही, नातवंडं बटणं दाबून हिशेब करताना बघते तेव्हा वाटतं, त्या पट्टीची मजा यांना कधी कळायची नाही.

मूळ कागद निळा, छोटा आणि पुसट होता. मला तो दीडपट मोठा करून ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने काढायचा होता. मधल्या रेघेवरच्या खुणा सारख्या अंतरावर नव्हत्या, वर जाताना त्या जवळजवळ येत. कर्कटकाने एकेक अंतर मोजून मी सगळ्या खुणा बरोबर उतरवल्या. दोन दिवस गेले. आकडे शेवटी घालायचे होते. मूळ कागदावर दर दहाला मोठी खूण होती, पण आकडा एक सोडून एका खुणेवर लिहिलेला होता. साठ, मग एक मोकळी खूण, मग ऐंशी, मग मोकळी, मग शंभर.

मी साठ लिहिला, ऐंशी लिहिला, आणि दार वाजलं. हेडमास्तर आले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाक तसाच ठेवून आत पळाले आणि ते माझ्या जागेवर जाऊन बसले. हेडमास्तर पाऊण तास बसले. कागदाचं कौतुक करत म्हणाले, "वा, मास्तर, काय हात आहे!" आणि बाबा डावी मूठ उजव्या मुठीवर दाबून हसत राहिले. मी आतून दाराच्या फटीतून बघत होते. हेडमास्तर म्हणाले, "चालू द्या ना, बघू तरी," तेव्हा बाबा उठून उभे राहिले आणि शाई वाळायची आहे असं काहीतरी बोलले. ते गेल्यावर मी परत बसले. माझे कान अजून दाराकडेच होते. ऐंशीच्या पुढच्याच खुणेवर मी शंभर लिहिला, मग एक सोडून एकशेवीस, मग एकशेचाळीस. कागदाच्या तळाशी एक नमुन्याचं उदाहरण दिलेलं होतं, तेही मी लावून पाहिलं. त्याचं उत्तर सत्तरच्या आसपास होतं. ते बरोबर आलं. बाबांनी मान हलवली, आणि नक्कल केंद्रात गेली.

हे सगळं झालं त्यानंतर महिन्याभराने, भर वैशाखात, अमडापूरजवळ एक विमान उतरलं. एका पंजाबी तरुण अधिकाऱ्याचं छोटं दोन माणसांचं विमान होतं. इंजिन मध्येच गचके देऊ लागलं म्हणून त्याने ते मोकळ्या शेतात उतरवलं. तार करून त्याने मदत मागवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कासमभाई आमच्याकडे आले. केंद्राची मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी होती. त्यांच्या बगलेत माझ्या नकलेची गुंडाळी होती.

ओसरीवर बसत ते म्हणाले, "मास्तर, तुमचा कागद घेऊन चाललो अमडापूरले. शेत लहान हाये, अन् समोर बाभळीची रांग हाये. साहेबाच्या पुस्तकात लिहेल हाये का एवढ्या जागेतून उठाले कमीत कमी एकशेपंधराची ताकद पाहिजे. तेवढी भेटली तं तो संध्याकाळीच निंगते. हवेचा आकडा कसा धराचा, तेवढं एकडाव सांगा."

बाबा म्हणाले, "कुसुम, पट्टी लाव. मी सांगतो."

मी पट्टी आणायला आत गेले, तिथे मूळ निळा कागद होता. दुसरी नक्कल करायची म्हणून तो पुन्हा आमच्याकडे आला होता आणि बोर्डावर लावलेला होता. कासमभाईंनी बाहेरून सांगितलं, फेरे समजा दोन हजार, उष्णता तेव्हाच्या फॅरनहाइटच्या मापात एकशेदहा, उंची दोन हजार फूट. मी सहज, आपली गंमत म्हणून, आतच निळ्या कागदावर पट्टी लावली. एकशेआठ. बाहेर आले. ओसरीवर नक्कल पसरलेली होती. तिच्यावर लावली. एकशेअठरा.

"एकशेअठरा!" कासमभाई खूश होऊन म्हणाले. "मंग त काहीच फिकीर नाई."

मायने त्यांना चहा दिला. बशीत ओतून ते फुंकर मारत होते, आणि मी त्या नकलेवरचा शंभरचा आकडा बघत होते. ऐंशी आणि शंभर यांच्यामध्ये मोकळी खूण नव्हती. मला ते दिसलं. त्या क्षणी दिसलं, हे मी आज स्वच्छ सांगते. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, भाऊ, हा कागद चुकला आहे, इतकंच काम होतं. पण मग ते विचारणार, मास्तरांकडून कसा चुकला? बाबा टाक हातात घेऊन दुरुस्त करायला बसणार. आणि कासमभाईंना ते दिसणार. केंद्रातून शाळेत, शाळेतून गावात. मनात आलं, दहाने असा काय फरक पडतो? एवढ्या मोठ्या इंजिनाला दहा म्हणजे काय? मी कागद गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला. मोटार गेल्याचा आवाज आला तशी मी ओसरीवरच बसून राहिले.

किती वेळ मी तशी बसले होते, सांगता येत नाही. माय भाकरी थापत होती. तिची दुसरी की तिसरी भाकर तव्यावर पडली तेव्हा मी उठले आणि बाबांना आत बोलावून निळा कागद दाखवला. ऐंशी आणि शंभर यांच्यामधल्या मोकळ्या खुणेवर बोट ठेवलं. त्यांची नजर होती ती. त्यांना एका क्षणात कळलं. ते खाली बसले.

"कधी ध्यानात आलं?"

"आत्ताच," मी म्हणाले.

ते हळूच म्हणाले, "कासम शहाणा हाये. इंजिनच्या आवाजावरून त्याले समजते." ते परत म्हणाले, "अन् सकाळीच गेला तो. आता मोटार कुठं भेटन?" ते माझ्याकडे बघत नव्हते. स्वतःच्या हाताकडे बघत होते.

माय दारात उभी होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण घरातलं बोलणं तिला न बोलताच कळायचं. "काय झालं?" तिने विचारलं. मी सांगितलं. विमानाची ताकद कागदावर जास्त दिसते, खरी कमी आहे, झाडांवर आदळेल.

"मंग बसले काऊन?" ती बाबांना म्हणाली. "तुमचा हात कापते हे गावाले समजन म्हनून? समजलं तं समजलं. तिकडं कोन्या मायचं पोरगं हाये ते. उठा. पोरीलेबी न्या, तिच्याबिगर तुमाले दुरुस्त करता येत नाई." तिने एका फडक्यात भाकर आणि चून बांधलं, आणि बाबांचा कोट खुंटीवरून काढून त्यांच्या अंगावर टाकला. मी बोर्ड, ब्लेड, टाक, शाईची बाटली आणि निळा कागद घेतला.

चिखलीकडे जाणारी मोटार मिळायला दुपार झाली. लढाईत पेट्रोल मिळत नसे म्हणून त्या मोटारीला मागे एक उंच टाकी लावलेली होती. तिच्यात लाकडी कोळसा जाळून त्याच्या धुरावर मोटार चाले. माणसं दाटून बसलेली, खिडकीतून झळा येत होत्या. सपाटीला ती कशीबशी पळाली, पण चढ लागला तशी धापा टाकायला लागली आणि मधोमध उभी राहिली. ड्रायव्हर निवांत उतरला, टाकीत सळई घालून कोळसा ढवळायला लागला. "उतरा बरं सगळे. ढकला लागते."

बाबांनी कोटाच्या बाह्या सारल्या आणि सगळ्यांच्या आधी मागे जाऊन खांदा लावला. मी बायकांबरोबर चालत होते. चढ संपेना. ऊन डोक्यावरून पश्चिमेला कललं होतं. बाबा ड्रायव्हरला सारखं विचारत, "अमडापूर किती राह्यलं?" आणि तो सारखं म्हणे, "हे काय, आलंच." एकदा बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांचं तोंड राखेने काळं झालं होतं. ते म्हणाले, "तू काही बोलायचं नाई तिथं. चूक माझी हाये, मीच सांगतो. समजलं?" मी हो म्हणाले. सकाळचं ओठावर आलं होतं, पण तिथेही मी ते गिळलं.

अमडापूरला उतरलो तेव्हा कोणाला विचारावं लागलं नाही. सगळा गाव एकाच दिशेला चालला होता. आम्ही माणसांतून वाट काढत पळत सुटलो. शेताच्या बांधापाशी पोचलो तोच इंजिनाचा आवाज वाढला. विमान शेताच्या एका टोकाला, बाभळींकडे तोंड करून उभं होतं. पंखा फिरत होता, मागे धुळीचा लोट उठला होता. कासमभाई पंखाचं टोक धरून उभे होते आणि सुटायच्या इशाऱ्याची वाट बघत होते. पुढच्या बैठकीत केंद्राचा एक मिस्त्री बसला होता, मागच्या बैठकीत तो अधिकारी.

बाबांनी हाका मारल्या. त्या आवाजात त्यांचा आवाज कुठला ऐकू जाणार? मग ते बांध उतरून शेतात गेले. आधी मला वाटलं कासमभाईंकडे चाललेत. पण ते सरळ समोर गेले आणि विमानापासून पन्नासेक पावलांवर, त्याच्या वाटेत, दोन्ही हात वर करून उभे राहिले. एका हाताला कापरं सुटलं होतं, ते लांबून दिसत होतं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे मास्तर मरते ना!" मग पंख्याचा आवाज उतरला, दोन-तीन गचके देऊन तो थांबला, आणि इतकी शांतता झाली की धूळ खाली बसलेली ऐकू येईल.

अधिकारी उडी मारूनच उतरला. पंचविशीचाही नसेल. रागाने लाल झाला होता. "पागल हो गए हो क्या?"

"साहेब, तक्ता चुकला हाये," बाबा म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, "ताकद कम है. दस कम है."

कासमभाई धावत आले. त्यांनी ते त्याला नीट समजावून सांगितलं. दुपारी इंजिन दुरुस्त करून, चालवून त्यांनी फेरे मोजले होते, पट्टी लावली होती आणि एकशेसतरा वाचले होते. अधिकाऱ्याचा राग एकदम ओसरला. त्याने बाभळींकडे पाहिलं. "ठीक कीजिए," तो म्हणाला. "अभी. मेरे सामने."

मी बोर्ड पंखावर ठेवायला गेले तसा तो ओरडला, कारण पंख कापडाचा असतो. कासमभाईंनी पेट्रोलचा रिकामा डबा पालथा घातला, त्यावर बोर्ड ठेवला. बाबा खाली बसले. त्यांनी टाक घेतला. मला वाटलं, ते फक्त दाखवायला घेत आहेत. पण त्यांनी खरंच टाक शाईत बुडवला आणि शंभरच्या आकड्याकडे नेला. टोक कापडाला लागलं, थरथरलं आणि काळ्या शाईचा डाग पसरला. सगळे वाकून बघत होते. कासमभाईंनी तोंड वळवलं.

बाबांनी टाक माझ्यासमोर धरला. मग उभे राहून, वर्गात बोलत तसं मोठ्याने बोलले, "हा कागद माह्या पोरीनं काढला. आजपर्यंतचे सगळे तिनंच काढले. माह्या हातानं दोन वर्षांपासून रेघ निंगत नाई."

मी ब्लेडने डाग खरवडला, चुकीचे आकडे खरवडले, आणि निळा कागद शेजारी ठेवून एकेक आकडा त्याच्या खुणेवर लिहिला. नव्वदच्या खुणेवर काही नाही. शंभर शंभरवर. एकशेवीस एकशेवीसवर. हात अजिबात हलला नाही. याचं मला आजही नवल वाटतं. शाई त्या उन्हात लिहिता लिहिता वाळत होती. मग अधिकाऱ्याने पट्टी माझ्या हातात दिली आणि फेरे सांगितले. मी लावली.

"एकशेसात."

त्याने स्वतः वाकून वाचलं. मग पुढच्या बैठकीतल्या मिस्त्र्याकडे वळून म्हणाला, "उतरो भाई." आणि डोक्याला हात लावून तो डब्याशेजारी मातीतच बसला.

रात्र आम्ही गावातल्या शाळामास्तरांकडे काढली. पहाटे गावकऱ्यांनी रांगेतल्या चार बाभळी तोडल्या. अधिकाऱ्याने पेट्रोल अर्धं काढून घेतलं, सामान ठेवून दिलं, एकटाच बसला. हवा अजून गार होती. कासमभाईंनी उष्णता बघून आकडा सांगितला, मी पट्टी लावली, एकशेबारा आली. पुस्तकाप्रमाणे ती एका माणसाला पुरेशी होती. विमान सुटलं. धावत राहिलं, धावतच राहिलं, आणि बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दोन दिवस वळ राहिला. अगदी शेवटी चाकं सुटली. जिथे बाभळी तोडल्या होत्या त्या खिंडीतून ते पार झालं, आणि शेजारच्या झाडांचे शेंडे गदागदा हलले. कासमभाई कोणाकडे न बघता म्हणाले, "काल गेला असता तं..."

केंद्राच्या मोटारीतून परत येताना मी बाबांना आदल्या सकाळचं सांगितलं. कासमभाई चहा पीत होते तेव्हाच मला चूक दिसली होती आणि मी गप्प राहिले, हे सांगितलं. कासमभाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. बाबा बाहेर बघत होते. 

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "तू कागद गुंडाळताना कासमच्या तोंडाकडे पाह्यलं नाई." मग म्हणाले, "अन् मी तं तुह्या मायनं म्हणेपर्यंत बसूनच होतो."

त्या अधिकाऱ्याचं पुढे काय झालं, मला कधी कळलं नाही. लढाई मोठी होती. शाळा उघडली त्या दिवशी बाबा नेहमीपेक्षा लवकर निघाले. दुपारी आले तेव्हा माय आणि मी दोघी ओसरीवरच होतो. ड्रॉइंग त्यांच्याकडून गेलं होतं. खालच्या वर्गाला गणित आणि मराठी शिकवायला दिलं होतं, तोंडी शिकवण्याचं काम.

"काय म्हटलं तुमी हेडमास्तराले?" मायने विचारलं.

"जे हाये ते," बाबा म्हणाले. त्यांनी पाय धुतले, दोन भाकरी खाल्ल्या, आणि दार उघडं ठेवूनच चटईवर आडवे झाले. इतक्या दुपारी त्यांना घोरताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.